हंसगणनेला जाण्यापूर्वी

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

जानेवारीतल्या हंसगणनेसाठी तू स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलेस हे वाचून मला मनापासून आनंद झाला. दुर्बीण, गरम कपडे यांविषयी संयोजकांनी तुला कळवले असेलच, म्हणून ते मी लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते तुझ्या पत्रातल्या शंकेविषयी. आपल्या वाट्याला एकच लहानसे तळे आले आहे, तिथले दहा-वीस हंस मोजले काय आणि न मोजले काय, असे तू विचारले आहेस.

आइसलँडमध्ये वीण करणाऱ्या आणि बहुतांशी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हिवाळा काढणाऱ्या व्हूपर जातीच्या हंसांची दर पाच वर्षांनी गणना होते. 2015 मध्ये ते 34,004 भरले आणि 2020 मध्ये 43,255. एवढे हंस कोणीही एका ठिकाणी पाहिलेले नाहीत. नदीकाठची पूरमैदाने, बीट आणि बटाट्याची कापणी झालेली शेते, तळी अशा असंख्य ठिकाणी उभ्या राहिलेल्या माणसांनी आपापले आकडे पाठवले, तेव्हा ती बेरीज तयार झाली. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी तुझ्या तळ्यासारखे मूठभरच पक्षी असणार. ती सगळी ठिकाणे क्षुल्लक म्हणून वगळली, तर बेरीज किती कमी पडेल हेही कोणाला सांगता येणार नाही.

ब्यूइक हंसांची गोष्ट याहून गंभीर आहे. रशियाच्या उत्तरेकडील टुंड्रा प्रदेशात वीण करून हे हंस वायव्य युरोपात हिवाळा काढतात. 1995 च्या सुमारास ते 29,000 च्या घरात होते आणि 2010 च्या गणनेत जेमतेम 18,000 भरले. हिवाळे सौम्य होऊ लागल्यामुळे हे पक्षी आता पूर्वीइतके पश्चिमेला येत नाहीत, वाटेतच थांबतात, हेही अभ्यासकांना दिसले आहे. म्हणून एखाद्या देशात हंस कमी दिसले, तर ते मेले की वाटेतच दुसऱ्या देशात थांबले, हे त्या एका देशाच्या आकड्यावरून कळत नाही. सगळ्या देशांत, शक्यतो त्याच दिवसांत, मोजणी झाली तरच याचा उलगडा होतो. गणना ऐन हिवाळ्यात ठेवण्याचे कारणही हेच आहे. तोवर स्थलांतर आटोपलेले असते आणि पक्षी आपापल्या जागी स्थिरावलेले असतात, त्यामुळे एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याचा धोका कमी होतो.

तुझ्या तळ्यावर त्या दिवशी एकही हंस नसला, तरी शून्य लिहून फॉर्म पाठवायचा, हे मी तुला आग्रहाने सांगते. कोरा रकाना पाहून तिथे कोणी गेलेच नव्हते की जाऊनही पक्षी नव्हते, हे संयोजकांना समजणार नाही. इतक्या थंडीत जाऊन शून्य लिहिताना मन खट्टू होते, हे मला ठाऊक आहे. तरीही तो आकडा भरलेल्या तळ्याच्या आकड्याइतकाच खरा असतो.

आता प्रत्यक्ष मोजणीविषयी. हंस रात्री पाण्यावर रातथाऱ्याला येतात आणि उजाडताच चरायला शेतांकडे जातात, म्हणून पहाटे पुरेशा लवकर पोहोच. पाणी सोडण्यापूर्वी ते माना वरखाली करतात, एकमेकांना साद घालतात आणि मग कुटुंबाकुटुंबाने उडतात. ती चाहूल लागली की नजर हलवू नकोस. एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उलट असे मोजून पाहा, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोज. शेतात बसलेला हंस बांधाआड सहज लपतो. झोपलेल्याची चोच पंखांत असते, म्हणून जात ओळखता येत नाही. चोच दिसेपर्यंत थांबायचे, आणि नाहीच दिसली तर ‘जात अनिश्चित’ असे लिहायचे. अंदाजाने जात ठरवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

व्हूपरच्या चोचीवरचा पिवळा रंग पाचरीसारखा नाकपुडीच्या पुढपर्यंत उतरतो, तर ब्यूइकच्या चोचीवर तो कमी असतो आणि नाकपुडीच्या अलीकडे संपतो. तिसरी जात म्यूट हंसाची; त्याची नारिंगी चोच आणि तिच्या मुळाशी असलेला काळा उंचवटा पाहिला की घोटाळा होत नाही. ब्यूइकच्या चोचीवरची काळ्या-पिवळ्या रंगाची नक्षी प्रत्येक पक्ष्यात वेगळी असते. पक्षी-अभ्यासक पीटर स्कॉट यांनी 1964 मध्ये इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे या नक्षीवरून एकेक हंस ओळखून त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. एखाद्या पक्ष्याकडे इतका वेळ बघत राहण्याची ती सवय मला फार मोलाची वाटते.

करड्या पिसांची पिल्ले वेगळी मोजायला विसरू नकोस. या दोन्ही स्थलांतरित जातींची पिल्ले पहिला हिवाळा आईबापांसोबतच काढतात, त्यामुळे एका जोडीमागे किती पिल्ले आहेत हेही लिहिता येते. गेल्या उन्हाळ्यात दूर उत्तरेत वीण कशी झाली, याचा अंदाज त्यावरूनच येतो, आणि थवा घटत असेल तर कारण शोधण्याची सुरुवातही तिथूनच होते.

थव्याच्या फार जवळ जाऊ नकोस. थंडीत उगाच उडावे लागले की त्यांची ताकद खर्च होते, शिवाय उडालेला थवा शेजारच्या मोजणाऱ्याच्या हद्दीत उतरला तर तोच पुन्हा मोजला जातो. शेतात शिरण्याआधी मालकाला विचार. अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात कडे घातलेला हंस दिसला, तर कड्याचा रंग, ते कोणत्या पायात आहे आणि त्यावरची अक्षरे टिपून घे. एखादे अक्षर नीट दिसले नाही, तर तिथे प्रश्नचिन्ह टाक. फॉर्म त्याच संध्याकाळी पाठव, आणि तुझ्या तळ्याचा आकडा, मग तो कितीही असो, मलाही कळव. मी वाट पाहते आहे.

तुझी,
आई