आस्थेने विचारपूस करायला शाळेत आणि संसारात वेळ हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या घसरत्या दर्जाविषयी आणि मोडणाऱ्या संसारांविषयी वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात वरचेवर प्रसिद्ध होतात. पहिल्या विषयावर लिहिणारे अभ्यासक्रम, परीक्षा आणि शिक्षकांचे पगार यांवर बोलतात. दुसऱ्या विषयावर लिहिणारे मोबाइल, मुलींच्या वाढलेल्या अपेक्षा आणि विस्कटलेली एकत्र कुटुंबे यांना दोष देतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी नोकरी केलेली आणि संसारही मनापासून केलेली शिक्षिका म्हणून मला वाटते की, या दोन्ही चर्चांमधून एकच गोष्ट निसटते. शाळेत आपली दखल घेणारे एखादे तरी मोठे माणूस आहे असे वाटले, तर मूल तिथे टिकते. घरात आपले म्हणणे ऐकून घेणारे कोणी आहे असा भरवसा असेल, तर संसार टिकतो. ही आस्था मुळात मनात असावी लागते हे खरेच, पण ती कृतीत उतरायला वेळ लागतो आणि नेमका तो वेळच आपण शाळेतून व घरातून काढून घेत आहोत.

आमच्या सातारा जिल्ह्याला याचे फार मोठे उदाहरण लाभले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एका पंगतीला जेवत. त्या काळात हे किती धाडसाचे होते, याची आजच्या पिढीला कल्पना येणे कठीण आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सधन, कर्मठ जैन घरातून आलेल्या होत्या. सोवळ्याओवळ्याचे संस्कार बाजूला सारून त्यांनी या सगळ्या मुलांना आपले मानले, त्यांच्यासाठी अंगावरचे दागिने मोडले आणि एकदा घरातले धान्य संपले तेव्हा मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. मंगळसूत्राची ही हकीकत जयंतीच्या भाषणांतून आपण सर्वांनी ऐकलेली असते. मला मात्र त्या एका दिवसापेक्षा बाकीच्या दिवसांचे मोल अधिक वाटते. आईपासून दुरावलेल्या, खेड्यातून आलेल्या, भेदरलेल्या मुलांपैकी आज कोण जेवले नाही, कोणाचे अंग तापले आहे, कोणाला घरची आठवण येते आहे, हे रोज कोणीतरी पाहावेच लागते आणि ते पाहणारे माणूस असल्याखेरीज वसतिगृह चालत नाही. त्या मुलांना शाळा मिळाली ती एका नवराबायकोने आपले घर उघडून दिले म्हणून.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या त्यागाचे दाखले देऊन आजच्या सुनांनी निमूटपणे सोसत राहावे, असे सुचवणारी भाषणे मी ऐकली आहेत आणि ती मला अजिबात मान्य नाहीत. आस्था दोन्ही बाजूंनी असेल तरच ती नात्याला बळ देते; एकानेच सतत देत राहायचे असेल, तर ती नुसती राबवणूक होते.

आपुलकीवाचून दिलेल्या शिक्षणाचा दाखलाही आपल्याच इतिहासात आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाईंना शिकवण्यासाठी समाजाचा रोष पत्करला, आणि १८८६ साली त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. नवरा आणि मास्तर तिथे एकच होते. त्याच आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना पत्र लिहिले आणि दहाव्या वर्षी लाकडाने बसलेला मार, पुढे अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके, सोडून देण्याच्या धमक्या यांची त्यांना आठवण करून दिली. शिकायला एवढ्या दूर जाऊनही त्यांच्या मनाला झालेली जखम बुजली नव्हती. ‘मार खाल्ला म्हणूनच मूल शिकले’ असे अजूनही म्हणणाऱ्या पालकांनी आणि माझ्या व्यवसायबंधूंनी ते पत्र जरूर वाचावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे, पण कायदा हात आवरू शकतो, मायेचा शब्द शिक्षकाच्या तोंडी घालू शकत नाही.

माझ्या शेवटच्या शाळेच्या शिवारात दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून येत आणि त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडत. तिथली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहायची, आत मात्र यायची नाही. तिला सांभाळायचे होते ते बाळ. डी.एड. करताना मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी वाचले होते. धाकटी भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी उभी केली. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी त्यांनी कुरणात शाळा नेली. आम्ही एवढे मोठे काही केले नाही. माझ्या सहकारी बाईंनी घरून जुनी साडी आणली, व्हरांड्याच्या तुळईला झोळी बांधली आणि बाळ त्या झोळीत निजले. मुलगी आत येऊन बसली, तेव्हा कळले की तिला पाढे येत होते आणि वजाबाकीही येत होती. तिला तोवर कोणी विचारलेच नव्हते. संध्याकाळी आम्ही दोघी कोपीवर जाऊन तिच्या आईशी बोललो. त्यानंतर टोळी उठेपर्यंत त्या मुलीचा सहसा खाडा झाला नाही.

आज नोकरीत असलेल्या शिक्षकांना असे कोपीवर जायला उसंत उरते का? माझ्या ओळखीच्या शिक्षिका सांगतात की, परिपाठ संपतो न संपतो तोच ऑनलाइन माहिती भरण्याची घाई सुरू होते. पोषण आहाराची नोंद, उपक्रमाचे फोटो, गटावर आलेले ‘आजच्या आज’ सादर करायचे तक्ते, मतदार याद्यांचे काम या सगळ्यांतून जो वेळ वाचेल तो फळ्यासाठी. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढे अपवाद सोडल्यास शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे शिक्षण हक्क कायद्याचेच सत्ताविसावे कलम सांगते. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, हेही त्या कायद्यातच आहे. हे नियम केवळ शिकवण्याच्या तासांसाठी नाहीत. तीस मुलांचे चेहरे एका माणसाला रोज वाचता येतात, साठ मुलांचे येत नाहीत.

शिक्षकांनी मुलांशी जवळीक ठेवावी असे म्हटले की, पालकांच्या मनात भीतीही उभी राहते. २०२४ साली बदलापुरात शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर ती भीती अनाठायी आहे असे कोण म्हणेल? मात्र त्यावर शिक्षकाने मुलापासून दूर राहणे हा उपाय नव्हे. घरी जायचे ते पालक घरात असताना आणि दुसऱ्या शिक्षकाला सोबत घेऊन, बोलायचे ते उघड्या दारात, हे पथ्य काटेकोरपणे पाळता येते. शिवाय, ज्या मुलाला शाळेत विश्वासाचे एक माणूस असते, तेच आपल्यावर ओढवलेला प्रसंग तोंड उघडून सांगू शकते.

आता संसाराविषयी. माझे यजमान एसटीत चालक होते. मुक्कामी गाडी असली की दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी येत, पाय धूत आणि चहाचा कप हातात घेऊन पहिल्यांदा विचारत, “झोळीतलं बाळ काय म्हणतंय?” माझ्या वर्गातली मुले त्यांनी पाहिलेली नव्हती, पण त्यांना ती ठाऊक होती. मीही त्यांना घाटातल्या धुक्याचे, वाहकाशी झालेल्या कुरबुरीचे, गाडीत चढलेल्या म्हाताऱ्यांचे विचारत असे. आमच्यात भांडणे झाली नाहीत असे नाही, पैशांची ओढाताणही होती. तरीही दिवसभराच्या माझ्या कामाची घरात कोणाला तरी किंमत आहे, या जाणिवेवर मी दुसऱ्या दिवशी शाळेत जात असे आणि मुलांशी बोलताना माझा आवाज चढत नसे. बाईंच्या घरात काय चालले आहे, याचा परिणाम वर्गावर होतोच, हे कोणत्याही शिक्षकाला विचारून पाहावे.

लग्न ठरवताना आपण पगार पाहतो, शेती व फ्लॅट पाहतो, पत्रिका जुळवतो, मुलीला स्वयंपाक येतो का ते विचारतो. मुलगा घरात आईशी आणि बहिणीशी कसा बोलतो, चिडल्यावर काय करतो, दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून घेतो का, हे पाहण्याचा रिवाज नाही. कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे आणि समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य मानले आहे, परंतु तिथे पोहोचेपर्यंत अनेक जोडप्यांमधला संवाद वकिलांच्या नोटिशीपुरताच उरलेला असतो. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली सुरू केलेल्या आणि आजही चालू असलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, पन्नाशीत आपल्या नात्यांविषयी समाधानी असलेली माणसे ऐंशीच्या घरात अधिक निरोगी होती. अर्थात, जिथे मारहाण आहे तिथे समेटाचा आग्रह धरू नये. त्या मुलीला माहेरने दार उघडावे, एवढेच मी म्हणेन.

म्हणून माझी शिक्षण विभागाला विनंती आहे की, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस वर्गशिक्षकांकडे कोणतीही ऑनलाइन माहिती मागू नये आणि त्या काळात प्रत्येक मुलाच्या घरी एक गृहभेट व्हावी. शक्य असेल तिथे पहिलीचा शिक्षक चौथीपर्यंत त्याच मुलांबरोबर ठेवावा. बदल्यांचे वेळापत्रक आखताना याचा विचार करणे अवघड नाही. वधूवर मेळावे भरवणाऱ्या मंडळांनीही परिचयपत्रिका वाचण्याच्या कार्यक्रमाला जोडून मुलामुलींना मोकळेपणाने बोलायला एक दुपार द्यावी आणि त्या वेळी एखादा अनुभवी समुपदेशक तिथे उपस्थित ठेवावा. आपल्या दैनिकाने या मागण्या लावून धराव्यात आणि गृहभेटी नेमाने करणारे शिक्षक आजही कोठे आहेत, ते शोधून त्यांच्या कामाची माहिती वाचकांना द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा