काकांच्या रिपोर्टबद्दल

प्रिय मित्रा,

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या शंकेवरून केलेले काकांचे रिपोर्ट वाचले. रक्तातलं सीईए वाढलेलं पाहून तू रात्रभर इंटरनेट चाळत बसला असणार, हे तुझ्या प्रश्नांवरूनच कळतंय. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवतो, म्हणजे काकूंनाही वाचून दाखवता येईल.

सीईए हे प्रथिन १९६५ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडलं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही ते वाढतं, पण नुसत्या सिगारेटींनीही वाढतं, आणि काकांनी किती ओढल्यात ते आपण दोघंही जाणतो. एनएसई या रक्तातल्या दुसऱ्या मार्करचं, म्हणजे कॅन्सरची खूण मानल्या जाणाऱ्या पदार्थाचं, तर विचारूच नकोस. ते तांबड्या पेशींतही असतं, त्यामुळे रक्त घेताना पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. प्रो-जीआरपी हा तिसरा मार्कर स्मॉल सेल या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात चढतो, तसाच किडनी थकली असली तरी चढतो. म्हणून या आकड्यांवर निदान ठरत नाही. उपचार सुरू झाल्यावर ते उतरतायत की नाही एवढं बघायचं, तेही सीटी स्कॅनच्या जोडीने. धडधाकट माणसांच्या हेल्थ चेकअपमध्ये हे मार्कर घुसडतात, त्याची मला भारी चीड आहे.

आता वाट बघायची ती बायॉप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीची. त्या तुकड्यावर खास रंग टाकून प्रथिनं शोधतात: टीटीएफ-१ रंगलं तर कल अॅडिनोकार्सिनोमाकडे, पी-४० रंगलं तर स्क्वॅमसकडे; हे दोन्ही फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रकार. यावर औषध बदलतं: पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध स्क्वॅमसला फारसं लागू पडत नाही, आणि बेव्हॅसिझुमॅब या दुसऱ्या औषधाने त्यात रक्तस्रावाची भीती असते. टीटीएफ-१ थायरॉइडच्या गाठीतही रंगतं, त्यामुळे पॅथॉलॉजिस्ट एकाच रंगावर विसंबत नाहीत.

तू विचारलेलं पीडी-एल१ म्हणजे कॅन्सरच्या पेशीने प्रतिकारशक्तीला थोपवण्यासाठी वापरलेलं प्रथिन. आजार पसरलेला असेल, निम्म्या किंवा अधिक पेशींवर ते दिसलं आणि ईजीएफआर, एएलके या जनुकांमध्ये बदल नसले, तर केमोशिवाय नुसत्या इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, विचार होतो. मात्र ऐंशी टक्के आलं म्हणून गुण येईलच असं नाही, आणि शून्य आलं तरी केमोबरोबर ती देता येते. एएलकेमध्ये बदल सापडला तर गोळ्यांवर भागतं. त्यामुळे या जनुकांचा रिपोर्ट येण्याआधी इम्युनोथेरपीची घाई करू देऊ नकोस.

डॉक्टरांना एवढंच विचार: या सगळ्या तपासण्यांना पुरेल इतका तुकडा ब्लॉकमध्ये, म्हणजे तो जपून ठेवलेल्या मेणाच्या ठोकळ्यात, शिल्लक आहे का? सुईने काढलेला नमुना इवलासा असतो, लवकर संपतो. आणि सीईए पुन्हा करायचं झालं तर त्याच लॅबमध्ये कर, पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत.

तुझाच