स्वस्त शहराच्या तक्त्यात न आलेला खर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुंबई, पुणे, अहमदाबाद, बडोदा वगैरे शहरांच्या राहणीखर्चाचा तक्ता आला होता. त्यात बडोद्याची गणना स्वस्त शहरांत आहे. बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत त्यावर बरीच चर्चा झाली, कारण इथे प्रत्येक दुसऱ्या घरातला मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईला नोकरीला आहे आणि 'परत यावे का' हा प्रश्न सतत चालू असतो. तक्ता खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो अर्धवट आहे, आणि जो भाग राहिला तोच या प्रश्नाच्या जास्त कामाचा आहे.

तक्त्यात सगळ्यांत जास्त ओळी किराण्याच्या आहेत, आणि शहराशहरांत फरक सगळ्यांत कमी पडतो तो तिथेच. साबण, टूथपेस्ट, चहाची पुडी यांवरची छापील किंमत बडोद्यात आणि पुण्यात एकच. २०१७ पासून जीएसटीही तोच. माझी भाची पुण्यात वाकडला राहते. दिवाळीत ती आली तेव्हा तिची आणि आमची महिन्याची बिले आम्ही जमिनीवर मांडून बसलो. किराण्याच्या बेरजा जवळजवळ सारख्या निघाल्या. ती म्हणाली, "मावशी, मग माझा पगार जातो कुठे?" जात होता तो भाड्यात, सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये आणि पेट्रोलमध्ये. मेंटेनन्सच्या पावतीवर उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरची रक्कम वेगळी लावलेली होती. पेट्रोल जीएसटीच्या बाहेर असल्याने त्यावर ज्या त्या राज्याचा व्हॅट बसतो. गेली काही वर्षे ते गुजरातेत महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे जवळपास दहा रुपयांनी स्वस्त मिळते. वाकडहून हिंजवडीचे आयटी पार्क लांब नाही, पण तेवढ्या अंतरात रोज जो वेळ जातो त्यासाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो.

तक्त्याखाली महागाई निर्देशांकाचा हवाला दिला आहे, त्याबद्दल एक सांगायलाच हवे. हा निर्देशांक त्या त्या ठिकाणचे भाव आधारवर्षाच्या, म्हणजे १०० धरलेल्या वर्षाच्या, मानाने किती वाढले ते सांगतो. एका शहराचा आकडा १५० आणि दुसऱ्याचा १४० असला म्हणून पहिले शहर महाग ठरत नाही. तिथे भाव जास्त वेगाने चढले, एवढाच त्याचा अर्थ. मुळात स्वस्त असलेल्या गावाचाही आकडा मोठा येऊ शकतो. हे आकडे शेजारी ठेवून शहरांची क्रमवारी लावणे बरोबर नाही.

सरकार काय करते तेही पाहण्यासारखे आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग आहेत आणि ते लोकसंख्येवरून ठरतात: ५० लाख आणि त्यावर एक्स, ५ ते ५० लाख वाय, बाकी झेड. घरभाडे प्रत्यक्षात किती, हे त्यात कुठे येत नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे परिसराची वस्ती ५० लाखांच्या जेमतेम वर गेली आणि अहमदाबादबरोबर पुण्याचा वर्ग एप्रिल २०१४ पासून वरचा झाला. सुरत त्या रेषेच्या खाली राहिले, ते वायमध्येच. बडोदाही वाय. जानेवारी २०२४ पासून हे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत. म्हणजे ५० हजार मूळ पगार असलेल्याला अहमदाबादेत १५ हजार, तर बडोद्यात १० हजार. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सगळा हिशेब अजून २०११ च्या माणसांवर चालू आहे. गोत्री, वाघोडिया रोड, समा या बाजूला तेव्हापासून किती इमारती उठल्या ते इथल्या कोणालाही विचारा.

आता बडोद्याबद्दल. खासगी नोकरीत इथला पगार पुण्यापेक्षा कमी असतो, हे मान्य. तरीही इथल्या मध्यमवर्गाचे संसार नीट चालले, मुले शिकली, म्हातारी माणसे सांभाळली गेली. त्याचे कारण स्वस्त भाजीत शोधायला जाऊ नये. ज्या गोष्टी दुसरीकडे विकत घ्याव्या लागतात त्या इथे शहरानेच उभ्या करून ठेवल्या होत्या. १८८१ चे बडोदा कॉलेज, त्यातून १९४९ मध्ये झालेली एम. एस. युनिव्हर्सिटी: कॉमर्स, सायन्स, इंजिनिअरिंग, फाइन आर्ट्स सगळे एका छत्राखाली, शिक्षण इंग्रजीतून, आणि अनुदानित जागेची फी खासगी कॉलेजच्या मानाने किरकोळ. आमच्या पिढीतली मुले घरचा डबा घेऊन सायकलवरून जात आणि पदवी घेऊन येत. वसतिगृह नाही, मेस नाही, शैक्षणिक कर्ज नाही. आजारपण आले की सरकारी सयाजी हॉस्पिटल. ज्याला पुस्तके विकत घेणे परवडत नव्हते तो मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन अभ्यास करी. ती सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये काढली. आजव्याचे तळे शहरापेक्षा उंचावर असल्याने तिथले पाणी उताराने शहरात आणले गेले. या सगळ्याची किंमत लोकांच्या महिन्याच्या हिशेबात कधी दिसली नाही, म्हणून कोणी ती मोजलीही नाही.

माझी खरी काळजी इथेच आहे. अनुदानित जागा मिळाली नाही की सेल्फ फायनान्स, म्हणजे विनाअनुदानित, अभ्यासक्रम घ्यावा लागतो आणि फी कितीतरी पटींनी वाढते. सरकारी दवाखान्यातल्या रांगेला कंटाळून लोक खासगीत जातात आणि वर मेडिक्लेमचा हप्ता भरतात. हे खर्च एकदा घरात शिरले की भाडे कमी असून काही उपयोग नाही. कमी पगार आणि पुण्यासारखी फी, अशा कात्रीत आज इथली कितीतरी घरे आहेत, आणि तक्ता मात्र त्यांना स्वस्त शहरात राहता म्हणून सांगतो.

आणि पूर. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेले. सखल भागांतल्या तळमजल्यांवर फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, मुलांची पुस्तके, सगळे गेले. गाड्यांच्या विम्याचा अनुभव तर फार कडू होता: इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळे घेतले नसेल तर पाण्याने बिघडलेल्या इंजिनाचे पैसे मिळत नाहीत, हे बहुतेकांना तेव्हा कळले. पुढच्या महिन्यात नुसता इशारा आला तरी लोकांनी रात्रीच गाड्या नेऊन उड्डाणपुलांवर लावल्या. आता इथे भाड्याने घर पाहणारा माणूस भाड्याआधी विचारतो, 'पाणी किती आले होते?' एका पुरात गेलेल्या सामानाचे पैसे बारा महिन्यांवर वाटले, तर पुण्याच्या तुलनेत भाड्यात वाचलेले बरेच पैसे त्यात जातात.

म्हणून विनंती अशी. पुढच्या वेळी हा तक्ता एकट्या नोकरदाराऐवजी कुटुंबासाठी करावा, ज्यात एक मूल कॉलेजात आहे आणि घरात सत्तरीचे आई-वडील आहेत. अनुदानित आणि सेल्फ फायनान्स फी वेगवेगळी दाखवावी. विम्याचा हप्ता, टँकर आणि कामावर जाण्या-येण्याचा वेळ घ्यावा. त्याच पदाला त्या शहरात मिळणारा पगार शेजारी छापावा. जागा पुरत नसेल तर किराण्याच्या ओळी खुशाल कमी कराव्यात. बडोद्यापुरती माहिती हवी असेल तर आमच्या ओळखीतली काही घरे वर्षभराच्या पावत्या दाखवायला तयार आहेत. त्यांत पुराच्या वर्षाच्या पावत्याही आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे