पदवीचे नाव वाचू नकोस, पेपर वाच: दांडिया बाजारातल्या मावशींना आभाराचे पत्र

वडोदरा

आदरणीय मावशींस,
सा. न. वि. वि.

आपल्या दोन घरांत पत्र पाठवण्याइतके अंतर नाही. तुम्ही तुमच्या गॅलरीतून हाक मारलीत की ती आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. तरीही हे पत्र लिहीत आहे, आणि इतरांनाही वाचता येईल असे लिहीत आहे. समोर बसून आभार मानू लागले की तुम्ही चहाचे विचारता आणि विषय तिथेच संपतो. शिवाय माझ्यासारखी अकरावी-बारावीला बी ग्रुप (गणिताऐवजी जीवशास्त्र) घेऊन फार्मसीला गेलेली, चार वर्षांनी आपल्याला नेमके काय शिकायचे आहे हे न कळणारी मुले या शहरात बरीच आहेत, आणि त्यांच्या शेजारी तुम्ही राहत नाही.

गेल्या वर्षी श्रावणात मी पेढे घेऊन तुमच्याकडे आले होते, हे तुम्हाला आठवत असेल. हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या एमबीएला प्रवेश मिळाला होता आणि जागा राखून ठेवण्याची रक्कमही भरून झाली होती. तुम्ही पेढा घेतलात, अभिनंदन केलेत आणि विचारलेत, "दोन वर्षांत पेपर कोणकोणते आहेत?" मला सांगता आले नाही. संस्थेचे नाव, फी, गेल्या वर्षी मिळालेल्या नोकऱ्यांचे पगार हे सगळे मला पाठ होते. पेपर मात्र मी पाहिलेच नव्हते. तेव्हा तुम्ही जे म्हणालात तेच या पत्राचे शीर्षक केले आहे.

त्या रात्री अभ्यासक्रम उघडून बसले. मनुष्यबळ व्यवस्थापन, मार्केटिंग, साहित्य खरेदी, दर्जा-मानांकन असे विषय होते. त्यांत वाईट काहीच नव्हते. ज्याला रुग्णालय नीट चालवायचे आहे त्याने ते शिकायलाच हवेत. पण ज्या प्रश्नामुळे मला नोकरी सोडून पुन्हा शिकावेसे वाटू लागले होते, तो त्या यादीत कुठेच नव्हता.

तो प्रश्न तुम्ही माझ्याकडून कसा काढून घेतलात, ते सविस्तर लिहिते. तीन वर्षे मी एका खासगी रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे आणि योजनांचे दावे पाहणाऱ्या खिडकीवर, काम केले. कॅशलेसचे अर्ज, प्री-ऑथ (उपचारांआधीची मंजुरी), अडकलेले क्लेम आणि त्यापायी नातेवाइकांची बोलणी, असा दिवस जात असे. घरी येऊन मी रोज नव्या तक्रारी सांगत असे आणि तुम्ही त्या ऐकून घेत असाल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तुम्ही त्या एका वहीत मांडत होतात. एके दिवशी ती वही माझ्यापुढे ठेवून तुम्ही दाखवलेत की माझ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पंचमहालकडून आलेल्या त्या काकांची अँजिओप्लास्टी मा कार्डावर, म्हणजे रुग्णालयातल्या मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या कार्डावर, झाली होती आणि त्यांना एक रुपयाही द्यावा लागला नव्हता. डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांची औषधेही योजनेत बसली. सोळाव्या दिवसापासून मात्र गोळ्यांचा खर्च त्यांच्या खिशावर आला. सरकारी दवाखान्यात त्या मिळू शकल्या असत्या, पण तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडत होती. काही महिन्यांनी ते पुन्हा दाखल झाले, तेव्हा गोळ्या केव्हाच बंद झालेल्या होत्या. मी चिडून म्हणाले होते की दाखल झाल्यावर पाच लाखांपर्यंत, आणि गुजरातेत २०२३ पासून दहा लाखांपर्यंत खर्च देणारी योजना दाखल होण्याची वेळच येऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळ्यांसाठी का नसावी? त्यावर तुम्ही शांतपणे विचारलेत, "दिल्या तर खर्च किती येईल, किती जणांचे दाखल होणे टळेल, आणि त्याच पैशात दुसरे काय करता आले असते?" मला एकाचेही उत्तर देता आले नाही. "ही उत्तरे काढायला शिकवतात त्या विषयाला आरोग्य अर्थशास्त्र म्हणतात," तुम्ही म्हणालात. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, हे आता सांगायला हरकत नाही.

राखीव जागेची रक्कम बुडाली. बाबा आठवडाभर माझ्याशी मोजकेच बोलत होते.

पुढचे आठ महिने संध्याकाळी तुमच्या झोपाळ्यावर बसून मी जे शिकले, त्याचे मोल कोणत्या एककात करावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. पहिली अडचण गणिताची होती. बी ग्रुप घेतल्यामुळे दहावीनंतर गणित सुटले ते सुटलेच, आणि बी. फार्म.च्या पहिल्या सत्रातले रेमेडियल मॅथेमॅटिक्स मी केवळ पास होण्यापुरते केले होते. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पुस्तकाचे तिसरे पान उघडताच विकलन समोर येते, हे पाहून मी माघार घेणार होते. तुम्ही मला लॉगॅरिदमपासून सुरुवात करून दिलीत. आरोग्य खात्यात संख्याशास्त्राचे काम करण्यात तुमची सारी नोकरी गेली, पण त्यातला अधिकार तुम्ही एकदाही दाखवला नाहीत. माझे उत्तर चुकले की "पुन्हा एकदा बघ" एवढेच म्हणत असा.

मार्कोव्ह मॉडेल, म्हणजे दर वर्षी किती माणसे एका अवस्थेतून दुसरीत जातात याचा हिशेब, मी संगणकाच्या आधी तुमच्या चौकटीच्या वहीत शिकले. बरा, आजारी आणि मृत असे तीन रकाने होते. मनानेच घेतलेले आकडे असे होते की शंभर बऱ्या माणसांपैकी दर वर्षी दहा टक्के आजारी पडतात आणि आजाऱ्यांपैकी वीस टक्के दगावतात. पहिल्या वर्षअखेर ९०, १० आणि ०. दुसऱ्या वर्षी ८१, १७ आणि २. तिसऱ्या वर्षी बऱ्यांच्या रकान्यात ७२.९ आले आणि मी पेन खाली ठेवले, कारण माणसाचा नऊ दशांश भाग बरा राहणे मला सहन होईना. तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की आईने खिडकीतून काय झाले म्हणून विचारले. मग तुम्ही सांगितलेत की शंभराऐवजी एक लाख माणसे घे, दशांश नाहीसा होईल, पण त्याचा जो त्रास झाला तो विसरू नकोस.

क्वाली, म्हणजे आयुष्याचे वर्ष त्यातल्या आरोग्याच्या दर्जाने गुणून मोजण्याची रीत, तुम्ही स्वतःवरच शिकवलीत. ईक्यू-५डी या प्रश्नावलीत पाच बाबी विचारतात: हालचाल, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता. मी प्रश्न विचारत गेले. नेहमीच्या कामांच्या प्रश्नाला तुम्ही "काहीच अडचण नाही" असे उत्तर दिलेत. मी ते लिहून घेतले आणि घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की गुडघ्यांमुळे वाड्याच्या वरच्या मजल्यावर जाणे तुम्ही दोन वर्षांपूर्वीच बंद केले आहे आणि कमाटीबागेतले फिरणेही सोडले आहे. ती कामे आता तुमच्या लेखी नेहमीची उरलेलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी हे तुम्हाला सांगितले, तेव्हा तुम्ही म्हणालात की जुळवून घेणाऱ्या माणसाचे दुःख या मापात कमी भरते, आणि असे लोक आपल्या देशात किती असतील याचा विचार कर. ही त्रुटी अभ्यासकांनाही ठाऊक आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, हे पुढे वाचताना कळले. तरी मला ती पुस्तकाआधी तुमच्या जिन्यापाशी भेटली याचा आनंद आहे.

सवलतीच्या दरावरचे, म्हणजे पुढे होणारा खर्च आणि फायदा आज किती कमी धरायचा यावरचे, आपले भांडण मात्र मिटलेले नाही. भारतात उपचारांचा खर्च आणि फायदा ताडून पाहण्याचे हे काम २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाच्या एचटीएइन (आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन) या यंत्रणेमार्फत होते. मोतीबिंदूची भिंगे आणि सुरक्षित सिरिंज हे तिच्या सुरुवातीच्या विषयांपैकी होते. तिच्या नियमाप्रमाणे भविष्यातला खर्च आणि भविष्यातले आरोग्य, दोन्ही वर्षाला तीन टक्क्यांनी कमी धरतात. याचा अर्थ दहा वर्षांनंतरचे निरोगी वर्ष आज साधारण पाऊण वर्षाएवढेच मोजले जाते. पैशांच्या बाबतीत मला हे पटते, आरोग्याच्या बाबतीत नाही, कारण अशा हिशेबात ज्या लसीचे फळ वीस वर्षांनी मिळते ती नेहमीच महाग ठरते. तुमचे म्हणणे असे की खर्च कमी धरून फायदा तसाच ठेवला, तर प्रत्येक चांगले काम पुढच्या वर्षावर ढकलणेच किफायतशीर दिसू लागेल. तुमचा मुद्दा बिनतोड आहे. मी अजून मान्य केलेला नाही.

आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, हेही तुम्ही शिकवलेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला लोकांच्या खिशातून होणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. हा आकडा मी उत्साहाने आणला, तेव्हा तुम्ही आधी विचारलेत की जो मनुष्य पैसे नाहीत म्हणून दवाखान्यात गेलाच नाही, तो यात कुठे आहे. त्यानंतर चिरंजीवी योजनेचे उदाहरण आले, आणि माझ्या निर्णयावर त्याचा परिणाम सर्वांत अधिक झाला. २००५ च्या अखेरीस पंचमहाल, दाहोद यांसारख्या पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली. गरीब बाईचे बाळंतपण खासगी डॉक्टरने करायचे आणि सरकारने त्याला शंभर बाळंतपणांमागे एक ठरावीक रक्कम द्यायची, मग प्रसूती साधी होवो की सिझेरियन. यामुळे विनाकारण सिझेरियन करण्यात डॉक्टरचा लाभ राहत नाही, पण अवघड केस दुसरीकडे पाठवून देण्याचा मोह होऊ शकतो. एकाच दरात दोन्ही गोष्टी दडलेल्या असतात, हे तुम्ही एका वाक्यात समजावलेत. सुरुवातीला योजनेची फार वाहवा झाली. पुढे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेल्या अभ्यासात योजना असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतले काळानुसार झालेले बदल ताडून पाहिले गेले, तेव्हा रुग्णालयातल्या बाळंतपणांवर तिचा म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही, कारण ती संख्या तशीही वाढतच होती. हे वाचून मी म्हणाले की मला अशी तुलना करायला शिकायचे आहे. तुम्ही म्हणालात, "मग अर्थमिती नसलेली पदवी घेऊ नकोस." अर्थमिती म्हणजे आकडेवारीवरून असे परिणाम तपासण्याचे शास्त्र. माझी निवड त्या क्षणी अर्धी झाली.

उरलेली अर्धी बाबांनी अवघड केली. एमबीए सोडल्याचा राग शांत झाल्यावर त्यांना मी परदेशीच जावे असे वाटू लागले. आरोग्य अर्थशास्त्राची एम.एस्सी. यॉर्क विद्यापीठात १९७८ पासून आहे, ब्रिटनमध्ये ती एका वर्षात होते, हे त्यांनीच शोधून काढले, आणि बडोद्यात असा विषय निघाला की जे होते तेच झाले: १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबियात अर्थशास्त्र शिकायला गेले, तर तू का नको? तुम्ही त्यांना म्हणालात, "भाऊ, महाराजांनी शिष्यवृत्ती दिली होती, कर्ज नव्हे." बाबा हसले, आणि त्यानंतर पहिल्यांदाच आम्ही तिघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. फी, राहणे आणि कर्जाचे व्याज यांच्या खाली तुम्ही संधी खर्च लिहायला लावलात, म्हणजे शिकण्याच्या काळात बुडणारा माझा पगार. एका वर्षाच्या पदवीत तो निम्मा होतो, हा परदेशाच्या बाजूचा खरा मुद्दाही तुम्ही लपवला नाहीत. पण एका क्वालीमागे वीस ते तीस हजार पौंडांपर्यंतचा खर्च योग्य मानायचा, हा इंग्लंडात वर्षानुवर्षे वापरला गेलेला उंबरठा आपल्या दाराला बसत नाही, आणि ज्या व्यवस्थेत बहुतेक उपचारांचे पैसे सरकारच देते तिथली उदाहरणे शिकून पंचमहालच्या काकांच्या गोळ्यांचा हिशेब आपोआप जमणार नाही, हे तुमचे म्हणणे मला पटले. निर्णय माझा होता. तुम्ही अखेरपर्यंत "अमुक घे" असे म्हणाला नाहीत.

मी देशातच सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेत आहे. तिच्यात साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र सक्तीचे आहे, आरोग्य अर्थशास्त्र व वित्तपुरवठा हा विशेष विषय निवडता येतो आणि अर्थमितीचा एक पूर्ण पेपर आहे. पाया अर्थशास्त्राच्या एम.ए.इतका पक्का होणार नाही, याची मला जाणीव आहे. ती उणीव पुढे भरून काढावी लागेल. प्रबंधाचा विषय ठरवायला वेळ आहे, पण प्रवेशाच्या मुलाखतीत विचारले तेव्हा मी सोळाव्या दिवसाच्या गोळ्यांविषयीच बोलले.

मावशी, तुम्ही मला दिलेल्या वेळाबद्दल, चुकलेली गणिते तिसऱ्यांदा तपासल्याबद्दल, बाबांशी माझ्या वतीने आणि माझ्याशी बाबांच्या वतीने बोलल्याबद्दल, आणि पेढा खाता खाता तो प्रश्न विचारल्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. चौकटीची वही न विचारता सोबत घेतली आहे. येत्या रविवारी संध्याकाळी फोन करीन. सवलतीच्या दराविषयी मला एक नवा मुद्दा सापडला आहे.

आपली,
समोरच्या घरातली विद्यार्थिनी