दहा वाजताची पेज बागेत परत येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या देवगड तालुक्यात सध्या आंबा उतरवायची घाई आहे. सकाळी सातला कामाला लागलेले गडी दुपारपर्यंत उन्हातच असतात. पूर्वी दहाच्या सुमारास बागेत पेजेचा टोप यायचा. वरची निवळ मीठ घालून आधी प्यायची, मग उकड्या तांदळाची शितं, सोबत खोबऱ्याची कातळी नाहीतर खारातली कैरी. गेली काही वर्षं आम्हीही सोय म्हणून वडापाव आणि थंड पेयाच्या बाटल्या देऊ लागलो. यंदा एप्रिलमध्ये एका गड्याला झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात असतानाच घेरी आली. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला फार अपराधी वाटलं. दुसऱ्या दिवशी टोप पुन्हा चुलीवर चढला.

पेज म्हणजे गरिबाचं किंवा आजाऱ्याचं खाणं, हा समज मला मुळीच पटत नाही. उकडा तांदूळ करताना भात टरफलासकट उकडतात, त्यामुळे कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात मुरतं आणि कोंडा काढायला तांदूळ सडताना सगळं निघून जात नाही. पेज निवली की तांदळातल्या थोड्या पिष्टाचं रूप बदलतं. ते लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं अन्न होतं. आणि 300 मिलिलिटर थंड पेयात? साधारण 30 ग्रॅम साखर! जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते.

कोकम सरबताचंही तेच, साखर त्यातही भरपूर असते. त्यापेक्षा पाण्यात थोडं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, घालून घ्यावं. मात्र आगळ खारट असतं, रक्तदाब असलेल्यांनी बेतानंच घ्यावं.

आपल्या दैनिकामार्फत बागायतदारांना विनंती आहे, गड्यांना दहाची पेज द्या. एसटी स्थानकांवरच्या उपाहारगृहांनीही मे महिन्यात चाकरमान्यांसाठी पेज आणि नाचणीची आंबील ठेवावी. खर्चाची काळजी नको, दहा माणसांना किलोभर तांदूळ पुरतो. आमच्या नेपाळी राखणदारानं पहिल्या दिवशी जेमतेम अर्धी वाटी घेतली होती. आता साडेनऊलाच तो टोप कुठवर आला ते विचारतो.

आपली,
एक आंबा बागायतदार, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग