पोस्टातल्या बाईंना

आदरणीय बाई,

परवा दुपारी आई एकटी जुईनगरला ताईकडे जाऊन आली. नवी मुंबईत ऐरोलीच्या एकाच फलाटावर वाशीची गाडी येते आणि पनवेलचीही, आणि तुर्भ्याच्या पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. इतकी वर्षं आई शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारायची, "ही कुठली?" कुणी नीट सांगायचं, कुणी कानातली वायर न काढता नुसती मान हलवायचं. दोनदा ती वाशीला जाऊन पोहोचली आणि दोन्ही वेळा ताईला न भेटताच रडत परतली. परवा तिने कुणालाच विचारलं नाही. वर पाटीवर 'वाशी' दिसलं, ती गाडी जाऊ दिली. पुढची 'पनवेल' दिसली तेव्हा चढली. ताईने दार उघडल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "एक गाडी सोडली मी."

ताई फोनवर रडत होती आणि मी रबाळ्याला कंपनीच्या जिन्यात उभी राहून रडत होते. त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं. तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेतेस का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं चारचौघांत. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. आई तुम्हाला 'पोस्टातल्या बाई' म्हणते, तेच पुरे.

आई शाळेत का गेली नाही, हे तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत. बाकी सगळ्यांनी आधी तेच विचारलं होतं. १९७२ च्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात विहिरी आटल्या आणि अख्खं घर रस्त्याच्या कामावर गेलं. मोठी माणसं खडी फोडायची, ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटत त्या खाण्याच्या, रांगेत उभी राहायची. पुढे लग्न होऊन दिघ्याला आली. वडील दगडखाणीत होते. ते गेल्यावर तिने ऐरोलीत भाजीची पाटी मांडली. तीन पाव भेंडीचे पैसे ती गिऱ्हाईक मोबाईल काढेपर्यंत सांगते. पण विजेचं बिल आलं की मी कामावरून येईपर्यंत देव्हाऱ्याखाली घडी करून ठेवायची.

तुम्ही तिला लिहा-वाचायला शिकवलंत, त्याच्या आधीही एक साक्षरता वर्ग झाला होता, तो मला विसरता येत नाही. वेळ संध्याकाळी सहाची. भाजी विकणारीला संध्याकाळी सहाला वर्गात बोलावणाऱ्याने भाजीवाली कधी पाहिली तरी होती का? तरी आई गेली, माल शेजारणीवर सोपवून, धंद्यावर पाणी सोडून. पहिल्या दिवशी फुलं, फोटो, पाहुणे. प्रत्येकीच्या हातात नवी पाटी देऊन ती छातीशी धरायला लावली. दुसऱ्या आठवड्यात शिकवणारी मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "मावशी, तुमच्या डोक्यातच शिरत नाहीये." तिसऱ्या आठवड्यात वर्ग बंद. पाटी घरी आली आणि आई तिच्यावर लसूण सोलायला लागली. मी काही बोलले तर म्हणायची, "जाऊ दे गं, माझं डोकं मातीचंच."

मी बारावी शिकलेली तिची मुलगी, आणि मीही ते खरं मानलं होतं. हे लिहिताना हात जड होतोय, पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू.

तुमचा वर्ग दुपारी दोनला, समाजमंदिराच्या ओट्यावर. पाच बायका. तिसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी आईला सोडायला आले आणि मागे बसून राहिले. तुम्ही वहीत 'गवार' लिहून दिलं होतं. आई वही लांब धरत होती, जवळ आणत होती, मान तिरकी करत होती आणि 'ग'च्या जागी काहीतरी वेडंवाकडं काढत होती. पुन्हा तेच होणार म्हणून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही थोडा वेळ तिच्या हाताकडे पाहत राहिलात आणि विचारलंत, "मावशी, सुईत दोरा ओवता का तुम्ही?"

आई म्हणाली, "न्हाई ओ. सात-आठ वर्षं झाली, नात ओवून देती."

तुम्ही स्वतःची चाळीशी काढलीत. पदराने पुसलीत. आणि आईच्या हातात न देता, तिच्या समोर गुडघ्यावर बसून तिच्या नाकावर चढवलीत. एका बाजूची काडी तिच्या केसांत अडकली, ती हलकेच सोडवून कानामागे नीट बसवलीत.

आईने वहीकडे पाहिलंच नाही. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगं बया, माझ्या हाताला एवढ्या चिरा पडल्यात?"

बाई, माझ्या आईच्या हातांवर मेथी-कोथिंबिरीचे काळे डाग किती वर्षांचे आहेत, त्यांत चिरा किती खोल आहेत, हे तिने त्या दिवशी पाहिलं. आणि मग वहीतला 'ग' पाहिला. त्या दुपारी तिने तो अकरा वेळा काढला, मी मोजत होते. तुम्ही पुढचे दोन तास चाळीशीविना शिकवत होता. तुम्हाला स्वतःचंच अक्षर दिसत नव्हतं, म्हणून हवेत बोट फिरवून दाखवत होता. वर्ग सुटल्यावर चाळीशी परत मागितली नाहीत. "नंबर तपासून नवी येईपर्यंत राहू दे," म्हणालात. नवी आली तेव्हा म्हणालात, "असू दे, एखादी फुटली तर?"

तेव्हापासून एकच विचार डोक्यात फिरतोय. चाळिशी उलटली की जवळचं दिसेनासं होतं, हे आपल्या भाषेने त्या वस्तूच्या नावातच सांगून ठेवलंय. आणि पन्नाशी-साठीच्या बायकांपुढे पाट्या वाटणाऱ्यांपैकी एकालाही ते आठवू नये? फोटोसाठी पाटी कशी धरायची ते सांगितलं, त्या पाटीवरचं दिसतं का, हे नाही विचारलं. अशा किती जणी 'डोकं मातीचं' म्हणून घरी बसल्या असतील!

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गवारमागून गाजर आलं, मटार आला. रोज विकते ती भाजी, त्यामुळे अक्षर विसरलं तरी शब्द हाताशी असायचा. सरकारी पुस्तक तुम्ही पार महिन्याभराने उघडलंत.

जून २०२४ मध्ये तुम्ही पेपर घेऊन आलात, तो दिवस आई अजून सांगते. 'उल्लास' या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात लडाख पूर्ण साक्षर म्हणून २४ जूनला जाहीर झालं होतं, या कार्यक्रमातलं देशातलं पहिलं. साक्षरता ९७ टक्क्यांच्या पुढे. तुम्ही ओट्यावर खडूने नकाशा काढलात, लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे म्हणालात, हिवाळ्यात झोजिला घाट बर्फाने बंद होतो, झंस्करमधली गावं महिनोन्महिने तुटलेली असतात, हे सांगितलंत. आई म्हणाली, "तितं म्हाताऱ्या बर्फात शिकल्या?" मग तुम्ही आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या फांगणे गावाचं सांगितलंत. योगेंद्र बांगर गुरुजींनी ८ मार्च २०१६ ला सुरू केलेली आजीबाईंची शाळा, गुलाबी लुगडी, साठीच्या पुढच्या विद्यार्थिनी. आई घरी येऊन मला म्हणाली, "त्या नव्वदीच्या हायेत, मी तर पोर हाय."

लडाखचे घाट मी पाहिलेले नाहीत. पण आमच्या चाळीपासून शाळेच्या फाटकापर्यंत तीनशे पावलं आहेत आणि आईला तेवढं अंतर चालायला एकसष्ट वर्षं लागली, ते मी पाहिलंय. त्यानंतरच्या मार्चमधल्या एका रविवारी ती 'उल्लास'च्या चाचणीला बसली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. संख्याज्ञान तिने सगळ्यांच्या आधी संपवलं. दोन्ही चाळीश्या पिशवीत नेल्या होत्या.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. आमच्या भागातले जुने लोक सांगतात, पोस्टाच्या खिडकीवर तुम्ही होतात तेव्हा अंगठा घेताना कुणाचा हात कधी ओढला नाहीत. पॅड पुढे सरकवायचात आणि "सावकाश" म्हणायचात. एका बँकेत मी आईबरोबर गेले होते. तिथल्या माणसाने शेजारच्याशी बोलता बोलता तिचा अंगठा धरला, शाईवर दाबला, कागदावर दाबला आणि सोडून दिला. तिच्या तोंडाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. नियमाने त्याचं काही चुकलं नव्हतं. तुम्हालाही 'सावकाश' म्हणायला कुठल्या नियमाने सांगितलं नव्हतं. साधी माणुसकी म्हणतो आपण, पण ती साधी नाही हो. दिवसभर रांग समोर असताना प्रत्येकाकडे माणूस म्हणून पाहायला ताकद लागते, आणि ती तुम्ही तीस वर्षं रोज खर्च करून वर निवृत्तीनंतर आमच्यासाठीही उरवलीत.

तुम्ही लेकीकडे नाशिकला गेल्यापासून ओटा दुपारी रिकामा असतो. आई आणि उरलेल्या चौघी मंगळवारी तिथे बसून पेपर वाचतात, एक ओळ एकीने, पुढची दुसरीने. तुमची चाळीशी रुमालात गुंडाळून चहाच्या डब्यात ठेवलीय. पेपरातलं बारीक अक्षर आलं की आई तीच काढते, नव्या चाळीशीतून तितकं नीट दिसत नाही म्हणते. दुकानदार सांगतो, दोन्हींचा नंबर एकच आहे.

खालच्या दोन ओळी तिने स्वतः लिहून दिल्यात. मी त्यांत काही बदललेलं नाही.

"बाइ घरि या. चाळिशी नेत नाही तर भाजी तरि न्या."