वजनकाट्यावर धर्माचा रकाना नव्हता

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका सद्गृहस्थांनी गोव्याच्या डोंगरांच्या नासाडीचा दोष ख्रिस्ती धर्मावर ठेवला आहे. ‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ अशी बायबलची आज्ञा, ती घेऊन पोर्तुगीज आले आणि त्यांनीच खाणींना परवाने दिले, असा त्यांचा हिशेब. मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वजनकाट्यावर 22 वर्षे कारकून होतो. हिशेबाची सवय अजून सुटलेली नाही, म्हणून हे पत्र.

त्यांच्या म्हणण्याला बराच मोठा आधार आहे. तो त्यांनी दिला नाही, तर मीच देतो. माझी मुलगी इतिहास शिकवते. तिने मला लिन व्हाइट नावाच्या अमेरिकी इतिहासकाराचा लेख समजावून सांगितला. तो मार्च 1967 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. उत्तर युरोपात सातव्या शतकाच्या सुमारास जड नांगर आला, त्याला आठ बैल लागत. एका कुळाकडे आठ बैल कुठले? मग जमिनीची वाटणी कुटुंबाच्या गरजेवर होईना, नांगराला कोणी किती बैल जुंपले त्यावर होऊ लागली. तिथून माणूस जमिनीचा मालक बनला, असे व्हाइट सांगतात. आणि झाडापेडांत, झऱ्यांत राहणारे देव चर्चने घालवले, त्यामुळे निसर्गावर हात टाकताना मनात भीती उरली नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर आधी झाडातला देवचार घालवला, मग झाड पाडले. लिहिणारा स्वतः ख्रिस्ती होता, हेही सांगायला हवे. शेवटी त्याने असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता माना असे सुचवले, आणि 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसे जाहीरही केले. (हा आपला गोंयचो सायब नव्हे. तो झेवियर. असिसीच्या फ्रान्सिसचे चर्च जुन्या गोव्यात सी कॅथेड्रलला लागून आहे, तिथे आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. समोरून मांडवीतून आमचे खनिज भरलेले बार्ज जायचे.)

यातले काही मला पटते. सोळाव्या शतकात सासष्टी, बार्देश, तिसवाडीतली देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपार अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्यात गेली. देवाबरोबर त्याची राईही गेली असणार. सासष्टीत मी पुष्कळ फिरलो, देवराई पाहिली नाही. सत्तरीत आहेत. बांबरला निरंकाराची राय आहे. तिथे दलदलीत रानटी जायफळाची झाडे चिखलातून मुळांचे गुडघे वर काढून उभी असतात. त्या रायीत आजही कोणी कोयता नेत नाही. धर्म बदलला की रानाकडे पाहण्याची नजर बदलते, हे मी नाकारत नाही.

पण मग खाणी कुठे आल्या? डिचोली, सत्तरी, सांगे. या नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेला मुलूख. पोर्तुगिजांच्या हाती त्या अठराव्या शतकात आल्या, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. इथले देव कुठेही गेले नाहीत, जागच्या जागी राहिले. शिरगावची लईराई बघा. वैशाख शुद्ध पंचमीला हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रत केलेले भक्त, तिथे होमकुंडातून अनवाणी चालत जातात, आणि त्याच गावात खाणीचे खंदक विहिरींच्या तळाखाली गेले, विहिरी आटल्या, शेतांत खाणीची माती बसली. देवी तिथेच होती. आम्हीही तिथेच होतो, दरवर्षी व्रत करून.

कायदा पोर्तुगालचा, हे खरे. 1906 च्या त्यांच्या खाण कायद्याने कायमचे परवाने दिले. पण ते घेणाऱ्यांत हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमानही होते. 1961 साली पोर्तुगीज गेले. 1987 मध्ये आपल्याच संसदेने त्या परवान्यांचे भाडेपट्टे केले. आणि खरा पोकलेन चालला तो त्याच्याही नंतर, चीनची मागणी आली तेव्हा. पूर्वी टाकाऊ म्हणून ढीग घातलेली कमी प्रतीची माती, तीही विकली जाऊ लागली. 2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेले. एक टन खनिज काढायचे तर दोन-अडीच टन माती बाजूला टाकावी लागते, तिचा हिशेब कुठल्या निर्यातीत येत नाही. 2012 मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी बंद झाल्या आणि मी घरी बसलो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, 2018 मध्ये 88 भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. या खटल्यांत पुढे होती गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था, आणि तिचे काम पाहणारे क्लॉड आल्वारिस ख्रिस्ती आहेत. पत्रलेखकांच्या हिशेबात त्यांना कुठल्या रकान्यात घालायचे?

आता माझ्या काट्याचे सांगतो. ट्रक आला की आधी रिकामे वजन, मग भरलेले, मग पावती. कार्बनपेपरवर लाल धूळ बसायची, दुसरी प्रत वाचताच यायची नाही. काचेपाशी कोणाचा गणपती, कोणाचा खुरीस, कोणाचे 786. सगळ्यांना घाई सारखीच, जास्त खेपा म्हणजे जास्त पैसे. दहा टनांच्या ट्रकचा काटा चौदावर जायचा आणि मी पावतीवर दहा टन काही किलो लिहायचो. मला कोणी पिस्तूल लावले नव्हते. पहिल्या महिन्यात हात अडखळला, नंतर सवय झाली. घरी जाताना त्याच रस्त्यावर शाळेची मुले नाकाला रुमाल लावून गटारात उतरून उभी असायची, ट्रक जाईपर्यंत. ते बळ मला बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाने दिले नव्हते. मी ते वाचलेच नव्हते. रोज संध्याकाळी दिवा लावून शुभं करोति म्हणणारा माणूस मी.

माझा एक मित्र दिवाडी बेटावरचा, ख्रिस्ती, बार्जवर मास्टर. दिवाडीत खाजन शेती. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत राखायला मातीचा बांध, बांधाला मानस, म्हणजे पाण्याचे दार. ओहोटीला दार उघडते, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. आत कोरगूट भात, थोडे खारे सोसणारे. हे बांध गावकारीने, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या मंडळाने घातले, धर्मांतराच्या कितीतरी आधी. पुढे गावकार ख्रिस्ती झाले, गावकारीची कोमुनिदाद झाली, पण बांधाची डागडुजी आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव तसाच चालू राहिला. म्हणजे बायबल घरात आले म्हणून कोणी बांध फोडला नाही. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांध कोणी बघायचा यावरच घोळ झाला, त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल. आणि बार्जच्या लाटांनी बांध खाल्ले. माझ्या मित्राच्या बार्जच्या लाटा त्याच्या सख्ख्या भावाच्या बांधावर आदळायच्या. मी एकदा विचारले तर म्हणाला, “बांद म्हज्याच भावाचो, पूण बार्ज हळू व्हेली जाल्यार भरती चुकता.” दर रविवारी मिसाला जाणारा माणूस.

त्यानेच मला मराठी बायबल वाचायला दिले. पहिल्या अध्यायात सत्ता आहे, पत्रलेखक बरोबर आहेत. पण पान उलटले की दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो मशागत आणि राखण करायला. राखण! गोवेकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपण राखणदाराला रोट देतो, तो गावाची सीमा राखतो. 2015 च्या आपल्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनीही याच वचनावर बोट ठेवून सत्ता म्हणजे ओरबाडण्याचा परवाना नव्हे असे म्हटले. एवढ्या उशिरा का, हा प्रश्न चर्चला जरूर विचारावा.

आणि आपल्याला? चवथीला गणपतीवर रानफळांची माटोळी बांधतो. घागऱ्यो, कांगलां, माट्टीची फळे, जेवढी दुर्मीळ तेवढी शान. माझ्या लहानपणी ही आम्ही स्वतः रानातून आणायचो, घरापुरती. आता बाजारात वेलीच्या वेली मुळासकट येतात, उरतात त्या तिथेच कुजतात. यातही आम्हाला पुण्यच दिसते. देव न मानणाऱ्या सोव्हिएत राजवटीने कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटवला, तो कोणत्या वचनाच्या खाती मांडणार?

आता भाडेपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले आहेत. माझा भाचा परवा आला होता. नव्या कंपनीत काट्यावर माणसे घेणार म्हणे, अर्ज कुठे द्यायचा ते विचारत होता. पदवी होऊन दोन वर्षे झाली, घरी बसून आहे. मी त्याला पत्ता दिला.

आपला,
एक निवृत्त काटा-कारकून
डिचोली तालुका
(नाव छापू नये ही विनंती.)